अडुसष्ट अंशांवरची वलांडी

हामनॉयच्या पुलावर पहाटे साडेपाचला पोचलो, तेव्हा कठड्याला लागून अकरा ट्रायपॉड आधीच उभे होते. कुणी बोलत नव्हतं. खाली खडकांवर खांब रोवून उभी असलेली लाल लाकडी घरं, मागे पाण्यातूनच सरळ वर गेलेला काळा कडा, त्याच्या खाचाखाचांत बर्फ. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांचा म्हणून जो फोटो जगभर फिरतो, तो बहुतेक वेळा याच पुलावरून काढलेला असतो. मी बारावा ट्रायपॉड लावला. त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. सिंहगडावर सूर्योदय बघायला जाणारा माणूस तो आधी कुणी बघितलाय याचा हिशेब करत नाही.

आणि मग तो निळा प्रकाश सुरू झाला. आपल्याकडे पहाट घाईत असते. सूर्य जवळजवळ उभाच वर येतो, त्यामुळे उजाडायला लागल्यापासून वीस-बावीस मिनिटांत तो हजर. इथे, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, ६८ अंशांवर, तो क्षितिजाला घासत तिरका तिरका येतो. पाऊण तासाहून जास्त वेळ सगळं निळं असतं: बर्फ निळा, पाणी निळं, आपला श्वास निळा. त्यात त्या लाल घरांच्या खिडक्यांतले पिवळे दिवे. शटर वीस सेकंद उघडं ठेवलं की पाणी काचेसारखं सपाट होतं. इतकी सावकाश पहाट मी कधी पाहिली नव्हती. रचना बदलून बघायला, पुलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन यायला, नुसतं उभं राहायलासुद्धा वेळ मिळतो.

आम्ही चौघं. पुण्याहून मी, नाशिकचा एक मित्र, वसईची मैत्रीण आणि नोकरीनिमित्त सहा वर्षं ऑस्लोत राहणारा चौथा. कॉलेजपासून आम्ही एकमेकांना गावावरूनच हाक मारतो, म्हणून इथेही नाशिककर, वसईकर आणि ऑस्लोकर. ऑस्लोहून विमानाने एवेनेसला उतरलो, तिथे गाडी घेतली आणि ई१० या रस्त्याला लागलो. स्वॉल्वेरपर्यंत सुमारे १६५ किलोमीटर, तिथून पुढे रस्ता संपेपर्यंत आणखी १३०. रस्ता जिथे संपतो त्या गावाचं नाव ओ. एकच अक्षर, नॉर्वेजियन वर्णमालेतलं शेवटचं. अर्थ ओढा. हे कळलं तेव्हा नाशिककर गाडीतच टाळी वाजवून म्हणाला, "बघ, गावाचं नाव ठेवावं तर असं!"

मार्चचा पहिला आठवडा आम्ही विचार करून निवडला होता. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जवळजवळ महिनाभर इथे सूर्य उगवतच नाही, आणि जूनमध्ये मावळतच नाही. मार्चमध्ये दिवस नीट असतो, रात्रही ध्रुवीय प्रकाश दिसण्याइतकी काळी असते, डोंगरांवर बर्फ टिकून असतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऊन. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर असतो. त्याच दिवशी पुण्यात तो ६५ अंशांच्या आसपास पोचतो. म्हणजे आपण ज्या तिरप्या, लांब सावल्यांच्या उन्हासाठी संध्याकाळपर्यंत थांबतो, ते इथे दुपारी बारालाही मिळतं. जेवायला कधी थांबायचं हेच कळेनासं होतं.

गाडीच्या टायरना धातूचे खिळे होते. डांबरावर त्यांचा करकर आवाज येतो, बर्फावर तो बंद होतो. ऑस्लोकर म्हणाला, आवाज थांबला की जपून. गाडी तोच चालवत होता, आणि ते बरंच झालं. एका दुपारी हिमकडा कोसळण्याच्या धोक्यामुळे रस्ता बंद होता. फाटकापाशी दोन तास थांबलो. पुढेमागे मासळीचे ट्रक, एक शाळेची बस. कुणी हॉर्न वाजवला नाही. राइने गावाच्या वरचा प्रसिद्ध सुळका, राइनेब्रिंगेन, हाही याच कारणासाठी आम्ही खालूनच पाहिला. तिथे वर जायला नेपाळच्या शेर्पांनी दगडी पायऱ्या बांधल्या आहेत, दोन हजारांच्या घरात. उन्हाळ्यात लोक त्या चढतात. हिवाळ्यात तो उतार हिमस्खलनाचा असतो. फोटोसाठी जीव धोक्यात घालू नये या मताचा मी आहे आणि ते मी इथे ठामपणे लिहून ठेवतो.

थंडीतल्या फोटोग्राफीबद्दल थोडं, कारण जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. बर्फ दिसला की कॅमेरा फसतो. त्याला सगळं जग मध्यम करडं असावंसं वाटतं, म्हणून तो पांढरा बर्फ राखाडी करून टाकतो. एक स्टॉप जास्त एक्स्पोजर, म्हणजे दुप्पट उजेड, द्यावा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघावा, कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र नव्हे. अंधारात पडदा नेहमी उजळ दिसतो. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवाव्यात. थंड बॅटरी लवकर मान टाकते, पण खिशात गरम केली की त्याच बॅटरीतून आणखी शंभर फोटो निघतात. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच बॅगेत बंद करावा आणि बॅग तासभर उघडू नये. नाशिककरने पहिल्या रात्री उघडली. आत-बाहेर सगळ्या काचांवर दव धरलं आणि त्याची पूर्ण रात्र लेन्स वाळण्याची वाट बघण्यात गेली. समुद्रकिनाऱ्याहून आलं की ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवावेत.

स्कागसांडेनच्या किनाऱ्यावर हे सगळं शिकत आम्ही दीड दिवस घालवला. तिथे पांढऱ्या वाळूत काळी वाळू मिसळलेली आहे. ओहोटीचं पाणी परत जाताना ती वेगळी काढत जातं आणि झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते. पुढच्या लाटेला ती पुसली जाते, नवी तयार होते. मागे बर्फाचा डोंगर. गुडघे वाळूत रुतवून, कॅमेरा हातभर उंचीवर आणून काढलेले ते फोटो मला हामनॉयच्या फोटोपेक्षा जास्त माझे वाटतात.

ध्रुवीय प्रकाश तिसऱ्या रात्री दिसला, हाउकलँडच्या किनाऱ्यावर. त्याआधी दोन रात्री ढग. सुरुवातीला उत्तरेकडे धुरकट पट्टा, डोळ्यांना करडाच. कॅमेऱ्यात मात्र हिरवा. मग साडेदहाला तो अचानक डोक्यावर आला, आणि डोळ्यांनाही हिरवा दिसला, पडद्यासारखा हलणारा. हा हिरवा रंग ऑक्सिजनचा, जमिनीपासून शंभरेक किलोमीटर वरचा. कॅमेऱ्याची सेटिंग्ज: आयएसओ २०००, एफ २.८, चार सेकंद. पडदा जोरात हलायला लागला की दोन. सहा-सात फोटोंनंतर आम्ही चौघांनीही कॅमेऱ्यावरून हात काढले. ऑस्लोकरने हे अनेकदा पाहिलंय, तरी त्याचा आवाज बदलला होता.

पण मला खरं सांगायचंय ते साक्रिसॉयच्या पुढच्या वळणाबद्दल.

वाटेत ठिकठिकाणी लाकडी मांडव दिसत होते, तंबूसारखे उतरते, दोन-दोन मजले उंच. आम्ही त्यांच्याकडे अग्रभागात घ्यायची चौकट म्हणूनच बघत होतो. त्या सकाळी वसईकर एकदम ओरडली, "अरे थांब, थांब! ही तर वलांडी!" वलांडी म्हणजे मासळी वाळत घालायचा मांडव. गाडी नीट थांबायच्या आत ती उतरली, हातमोजे न घालता.

कॉड मासे. हजारोंनी. शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीने आडव्या बांबूंवर, म्हणजे बांबू नव्हेत, सोललेल्या लाकडी वाशांवर टाकलेले. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील घालतात, ते दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून. ही गाठ बघून ती हसायलाच लागली. "आम्ही तोंडाला तोंड, हे शेपटीला शेपूट!"

तिथे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला आत येऊ दिलं. ऑस्लोकर दुभाषा. हा कॉड, ज्याला ते स्क्रेई म्हणतात, बॅरेंट्स समुद्रातून दर हिवाळ्यात इथे अंडी घालायला येतो. जानेवारी ते एप्रिल हंगाम. हजार वर्षांहून जास्त काळ ही मासेमारी चालू आहे, आणि ती लाल घरं, रोर्बू, मुळात हंगामापुरत्या येणाऱ्या मच्छीमारांची. फेब्रुवारीपासून मासळी वाशांवर चढते ती जूनपर्यंत उतरत नाही. मीठ नाही, धूर नाही, फक्त वारा आणि शून्याच्या आसपास राहणारी थंडी. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे इथे एवढ्या उत्तरेलाही फार गोठत नाही. फार गोठलं तर मासा आतून फाटतो, फार ऊब झाली तर माशी बसते. सुकलेला मासा बराचसा इटलीला जातो. १४३२ साली क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा दर्यावर्दी जहाज बुडून इथल्याच रॉस्ट बेटाला लागला होता, तेव्हापासून ही ओळख सांगतात. डोकी वेगळ्या माळांत ओवून वाळवतात, ती नायजेरियाला. जिभा कापायचं काम शाळकरी मुलांचं, आणि त्याचे पैसे त्यांचेच.

"वलांडीवरच्या बोंबलाला आम्हीही मीठ लावत नाही," वसईकर म्हणाली. "पण आमचा तीन-चार दिवसांत होतो." तीन-चार महिने, हे तिला पचत नव्हतं. तिने गृहस्थांना गाठ पुन्हा बांधून दाखवायला सांगितली, मग स्वतः बांधली. मी तेव्हा गुडघ्यावर बसून तिचे ते लाल पडलेले हात आणि त्यांचे जाड, सुरकुतलेले हात एका चौकटीत घेतले. ५० एमएम, नैसर्गिक उजेड, मागे पुसट डोंगर. निसर्गचित्रं काढायला गेलेल्या माझ्या सगळ्या सहलीतला हा एकच फोटो मी घरी मोठा करून लावलाय.

निघण्याआधी तिने वसईला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या आईने आयुष्यभर बोंबील वाळत घातलेत. फोन माशांच्या रांगांवरून फिरला. वास कसा येतो, विचारून झालं. पावसात काय करतात? उघड्यावरच असतो, पावसात, बर्फातसुद्धा. आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि कावळे गं?"

वसईकरने फोन वर धरला. सगळ्या मांडवावर जाळं ताणलेलं होतं.

"हां," आई म्हणाली, "मग ठीक आहे."