दाढ आधी की वारी आधी?

आळंदीहून माउलींची पालखी निघायला जेमतेम १२ दिवस उरले असताना अक्कलदाढ आत्ताच काढावी की वारीहून आल्यावर पाहावे, हा प्रश्न घेऊन आज दंतवैद्यांकडे गेलो होतो. लवंग दाबून पंढरपूर गाठू, असा माझा बेत होता (आईचा तर आग्रहच). डॉक्टरांनी एक्स-रेवर हिरडीखाली आडवी झोपलेली दाढ पेनच्या टोकाने दाखवली. ती काढल्यावर दोन-तीन दिवस सूज राहते, जखमेतली रक्ताची गुठळी निघून गेली तर भयंकर ठणका लागतो आणि टाके साधारण आठवड्याने काढतात, त्यामुळे उद्याच काढली तर दिवे घाट चढेपर्यंत भाकरी चावता येईल, असा त्यांचा हिशोब होता. उद्या सकाळी दहाची वेळ घेतली आहे. खिशातली तंबाखूची डबी मात्र त्यांनी आजच ठेवून घेतली.