१६५ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी केबल निवडताना

गेमिंगसाठी मी २७ इंची, २५६० × १४४० रिझोल्यूशनचा आणि १६५ हर्ट्झ रिफ्रेश रेटचा (म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेतला. संगणकाचे चित्र मॉनिटरवर नेणाऱ्या जोडण्यांचे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असे दोन प्रकार त्यावर होते, पण खोक्यात एचडीएमआय केबल होती, डिस्प्लेपोर्टची नव्हती. मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत मात्र एचडीएमआय २.० पोर्टवर १४४ हर्ट्झ आणि डिस्प्लेपोर्ट १.४ वर १६५ हर्ट्झ असे स्पष्ट लिहिलेले होते. हा फरक का पडतो, हे समजून घेतल्याशिवाय दुकानात जायचे नाही, असे मी ठरवले.

हिशेब अवघड नाही. एका चित्रात सुमारे ३६.८६ लाख पिक्सेल असतात, प्रत्येकाच्या रंगासाठी २४ बिट लागतात आणि अशी चित्रे सेकंदाला १६५ वेळा पाठवायची असतात; म्हणजे सेकंदाला सुमारे १४.६ गिगाबिट, शिवाय दोन चित्रांमधल्या रिकाम्या वेळेचा भार वेगळा. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट सांगितली जाते, पण त्यातला पाचवा हिस्सा सांकेतिकीकरणात, म्हणजे माहिती पाठवण्याजोग्या संकेतांत बदलण्यात, जातो आणि चित्रासाठी १४.४ गिगाबिटच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये हीच वजावट करूनही २५.९२ गिगाबिट मिळतात, त्यामुळे लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला ८ ऐवजी १० बिट दिले तरी जागा पुरते. माझ्या ग्राफिक्स कार्डावर एचडीएमआय २.१ होते, परंतु मॉनिटरचे पोर्ट २.० असल्याने त्याचा उपयोग नव्हता. दोन्ही टोकांपैकी कमी क्षमतेचे टोक मर्यादा ठरवते, ही गोष्ट जाहिरातींत कुठेही ठळकपणे सांगितली जात नाही आणि ती सांगितली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

डिस्प्लेपोर्ट ठरल्यावर घरातली एक जुनी, बिननावाची केबल आधी लावून पाहिली. चित्र आले, पण १६५ हर्ट्झवर पडदा मधूनच क्षणभर काळा होई आणि १२० हर्ट्झवर आणताच तो त्रास थांबे, यावरून केबलला एवढा वेग झेपत नाही हे कळले. नवी केबल घेताना मी पाकिटावर छापलेल्या '८के', '१.४' अशा आकड्यांवर विसंबलो नाही, तर डिस्प्लेपोर्टचे मानक ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेच्या डीपी८के प्रमाणपत्राची खूण पाहिली. लांबी २ मीटरच ठेवली, कारण या वेगाला साध्या तांब्याच्या केबलमध्ये लांबी वाढली की सिग्नल कमजोर होतो. प्रमाणित केबल घेण्याचे आणखी एक कारण केबलच्या टोकातल्या विसाव्या, म्हणजे विजेच्या, पिनचे आहे: नियमानुसार साध्या केबलमध्ये ती जोडलेली नसावी, पण काही निकृष्ट केबलींत ती जोडलेली असते आणि मग मॉनिटरची वीज उलट ग्राफिक्स कार्डात शिरून संगणक सुरू होण्यातच अडचणी येऊ शकतात. थोडे पैसे वाचवण्यासाठी एवढ्या महागड्या कार्डाशी असा खेळ करू नये.

केबल मदरबोर्डच्या नव्हे, तर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात बसवली. केबलच्या दोन्ही टोकांचे खटके 'टक्' करून अडकले. तरीही विंडोजने ६० हर्ट्झच धरले होते, म्हणून डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जाऊन १६५ निवडले आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूतही तोच आकडा दिसतो याची खात्री करून घेतली. त्यानंतर संध्याकाळभर खेळलो. पडदा एकदाही काळा झाला नाही.