बोरबन

दादरहून पुण्याला निघालेल्या शिवनेरीत पलीकडच्या सीटवर एक आजी आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा नातू होता. मैत्री पार्क मागे पडतं न पडतं तोच नातवाला भूक लागली. आजींनी पिशवीतून बोरबनचा पुडा काढला आणि वर दम दिला, "सांडायचं नाही. एसी गाडी आहे."

पोराचं खाणं शास्त्रशुद्ध होतं. त्याने बिस्किट ओढून उघडलं नाही, कारण ओढलं की ते मधेच मोडतं. दोन्ही पाखं बोटांत धरून हलकेच पिळलं. सगळं क्रीम एका पाखाला चिकटून आलं. मग कोरडं पाखं आधी खाऊन संपवलं, क्रीमवर खालचे दात फिरवून ते खरवडलं, आणि पाठीवरचे साखरेचे दाणे शेवटी ओल्या बोटाने टिपले. मीही लहानपणी असंच खायचो. फक्त मला तेव्हा बोरबन म्हणजे बोरीचं बन वाटायचं. बिस्किटात बोराची चव शोधण्यात माझी दोन-तीन वर्षं गेली असतील. "चॉकलेटचंच आहे ते," असं घरात सगळे सांगायचे, पण मग नाव बोरबन का, हे कोणी सांगत नव्हतं.

नाव एका किल्ल्याचं आहे.

फ्रान्सच्या मध्यभागी आलिये नावाच्या जिल्ह्यात बुर्बाँ-लार्शांबो हे छोटं गाव आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. आपल्याकडे वज्रेश्वरीला देवी, तसा तिथे ख्रिस्तपूर्व काळात उकळत्या पाण्याचा एक देव होता, बोर्वो. त्याच्यावरून गाव बुर्बाँ, गावच्या गढीत राहणारे ते बुर्बाँचे सरदार. 1272 मध्ये फ्रान्सच्या राजाच्या धाकट्या मुलाचं लग्न या जहागिरीच्या वारस मुलीशी झालं. आपल्याकडे अशा जावयाला घरजावई म्हणून चार टोमणे मारले असते. तिथे त्याच्या वंशजांनी सासरचं नाव लावलं आणि तीनशेएक वर्षांनी, 1589 मध्ये, त्यांच्यातलाच एकजण चौथा हेन्री म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला. पुढचे सगळे लुई याच घरातले. स्पेनच्या गादीवर तर आजही बुर्बाँच आहेत. मूळ किल्ल्याचे तीन बुरूज तेवढे तळ्याकाठी उभे आहेत.

लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने 1910 मध्ये एक चॉकलेटचं क्रीम बिस्किट काढलं आणि त्याला 'क्रिओला' असं नाव दिलं. पुढे त्याचंच 'बुर्बाँ' झालं. राजघराण्यांची नावं बिस्किटांना द्यायची या कंपनीला खोडच होती. आपण चहात बुडवतो ती मारीसुद्धा त्यांचीच, 1874 मध्ये एका रशियन राजकन्येच्या लग्नानिमित्त काढलेली. म्हणजे बशीत मारी आणि बोरबन शेजारीशेजारी ठेवले, की युरोपातली दोन राजघराणी आपल्या चहाची वाट बघत बसलेली असतात.

हे नाव बिस्किटावर थांबलेलं नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सच्या राजाने मदत केली, त्याची जाण ठेवून केंटकीकडच्या एका परगण्याला बोर्बन नाव दिलं गेलं. तिथल्या मक्याच्या व्हिस्कीचं नाव पिणाऱ्यांना सांगायला नको. आणि हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, फ्रेंचांनी सतराव्या शतकात एका बेटाला या घराण्याचं नाव दिलं. राज्यक्रांती झाली, राजाचं मुंडकं उडालं, आणि 1793 मध्ये बेटाचं नाव बदलून रेयुनियाँ केलं. मग नेपोलियन आला, बेट बोनापार्त झालं. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, परत बुर्बाँ. 1848 मध्ये पुन्हा रेयुनियाँ, ते आजतागायत. नामांतराचा खेळ आपल्यालाही नवा नाही. पाटी बदलते, पण बाजारात जुनंच नाव चालतं. तिकडची व्हॅनिला आजही 'बुर्बाँ व्हॅनिला' म्हणूनच विकली जाते.

या व्हॅनिलापाशी जरा थांबावंसं वाटतं. तिची वेल मूळची मेक्सिकोची. बेटावर आणून लावली, तर वाढली, फुलली, पण शेंग धरेना. फुलात पराग आणि त्याची जागा यांच्यामध्ये एक नाजूक पडदा असतो. मेक्सिकोत तो ओलांडून पराग पोचवणारे कीटक होते, बेटावर ते नव्हते. मोठमोठे बागाईतदार हात टेकून बसले. 1841 मध्ये एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने तो पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग जागेवर दाबला. एका फुलाला काही सेकंद. आजही जगभर व्हॅनिला अशीच हाताने धरवतात. या मुलाला तेव्हा आडनावसुद्धा नव्हतं. गुलामगिरी संपली तेव्हा, 1848 मध्ये, 'आल्बियस' हे आडनाव मिळालं. बेटावर पैसा आला, पण त्याच्यापर्यंत पोचला नाही. 1880 मध्ये तो गरिबीतच गेला. आणि डबीवर नाव कोणाचं? आलिये जिल्ह्यातल्या तीन बुरुजांचं. ही गोष्ट कळल्यापासून आइस्क्रीमच्या डब्यावर 'बुर्बाँ व्हॅनिला' दिसलं की मला चिडायला होतं. आइस्क्रीम मी खातो, तो भाग वेगळा.

दुसरी गोष्ट केसांची. आमच्या एका काकांच्या कपाळावर आयुष्यभर केसांचा कोंबडा होता. देव आनंदची कृपा. लग्नाला निघताना आरशापुढे अर्धा तास, पाण्याचा हात, कंगवा वर, मग मागे, मग तळव्याने हलकासा दाब. हा कोंबडा एल्व्हिस प्रेस्लीच्या डोक्यावर असला की त्याला म्हणतात पॉम्पादूर. हाही किल्लाच! फ्रान्समधल्या लिमुझाँ भागातला. पंधराव्या लुईचं झान-आंत्वानेत प्वासाँ या बाईंवर प्रेम बसलं. प्वासाँ म्हणजे मासा. मासेबाईंना दरबारात मानाने बसवायचं कसं? राजाने 1745 मध्ये पॉम्पादूरची जहागीर विकत घेऊन त्यांच्या नावे केली आणि त्या झाल्या मादाम द पॉम्पादूर. त्या किल्ल्यात राहायला काही त्या गेल्या नाहीत. पुढे राजाने तिथे घोड्यांची पैदास सुरू केली. किल्ला घोड्यांना मिळाला आणि नाव बाईंना. बाईंकडून ते एका गुलाबी रंगाला गेलं आणि मग कपाळावरच्या केसांना. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते कोंबडाच म्हणायचे आणि माझ्या मते तोच शब्द सरस आहे, कारण बघणाऱ्याला तो डोक्यावर लगेच दिसतो.

खरी गंमत नारायणगावात आहे. तिथे एका वाइनरीने 'मार्किझ द पॉम्पादूर' या नावाने फसफसणारी वाइन काढली होती. वाइनरीच्या नावात 'शातो' होतं, म्हणजे फ्रेंचमध्ये किल्ला किंवा वाडा. बोर्दोकडे द्राक्षमळ्याला शातो म्हणायची पद्धतच आहे, मग तिथे बुरूज असो नाहीतर नुसतं कौलारू घर. तर, किल्ला म्हणवणारा कारखाना, फ्रान्समधल्या किल्ल्याच्या नावाची बाटली, आणि तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर शिवनेरी. खराखुरा, सात दरवाजांचा. त्याचं नाव बाटलीला दिलं नाही हे बरंच झालं. ते आधीच एस.टी.ने घेतलं होतं की नंतर, हे मी शोधत बसलो नाही.

आपण किल्ल्यांची नावं गाड्यांना आणि रस्त्यांना देतो. सिंहगड एक्स्प्रेस चुकते, सिंहगड रोड तुंबतो, आणि तसं बोलताना कोणाला तानाजी आठवत नाही. फ्रेंच तीच नावं खाण्यापिण्याला देतात. शांतियी म्हटल्यावर त्यांना किल्ल्याआधी फेटलेली गोड साय आठवत असावी. त्याच शांतियीत 1671 मध्ये राजाची मेजवानी होती, मासळी वेळेवर आली नाही म्हणून वातेल या मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याने जीव दिला. लोक त्या सायीचं श्रेयही त्यालाच देऊन टाकतात. ते खरं नाही, पण बिचाऱ्याला कोणी काही दिलं तर मी कशाला आड येऊ.

घाट चढून गाडी लोणावळ्याच्या पुढे आली तेव्हा पोराचा पुडा संपला होता आणि सीटवर व्हायचं ते झालं होतं. आजी रुमालाने चुरा गोळा करत होत्या. पोरगं खिडकीबाहेर बघत काहीतरी विचार करत होतं. मग म्हणालं, "आजी, ही खरी शिवनेरी नाही ना?"

आजींनी पर्समधून तिकीट काढून त्याच्यापुढे धरलं.

"खरीच आहे रे. एस.टी.चीच आहे. हे बघ."

पोराने तिकीट दोन्ही बाजूंनी नीट बघितलं आणि परत दिलं.

"वाकडवाले पुढे या," कंडक्टर ओरडला.