तबकडी-वही: 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट', तिसरा आठवडा

मंडळी, गेल्या नोंदीत मी लिहिलं होतं की इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकच्या या पहिल्या अल्बममधली उदासी सगळी त्याच्या जड, खालच्या आवाजात आहे. ते वाक्य मागे घेतो.

रविवारी पोहे-जिलेबी आटोपून पहिली बाजू लावली. आई आत पेटी पुसत होती. ऐकता ऐकता तिनं पट्ट्या दाबून बघितल्या आणि म्हणाली, "अरे, हा ना पांढरीत बसतो ना काळीत. मधेच कुठेतरी आहे." तेच गाणं फोनवर लावलं तर चक्क वरच्या सुरात! मग टर्नटेबलच्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ समोर ठेवून फेरे मोजले. मिनिटाला सव्वातेहेतीसच्या थोडे वर हवेत, भरले ३२. थाळी फिरवणारा जुना बेल्ट ताणून सैल पडला होता. दोन आठवडे मी सगळा अल्बम पाऊण अर्धस्वर (पेटीच्या लगतच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांतल्या अंतराच्या पाऊणपट) खाली ऐकत होतो.

इथल्या, इंदूरच्या महाराणी रोडवरून नवीन बेल्ट आणला. आता फेरे बरोबर आहेत, आवाज हलका झालाय, कोवळा वाटतो. रेकॉर्डिंगच्या वेळी पोरगा जेमतेम विशीचा होता, ते आता कानाला पटतं. आणि उदासी? ती तसूभरही कमी झाली नाही.

म्हणून पुन्हा पहिल्यापासून बसलो. 'रिव्हर मॅन' पाच मात्रांत आहे. दहा मात्रांच्या झपतालाचा अर्धा भाग समजून मांडीवर बोटं मोजा. गिटार एकदाही समेवर जोर देत नाही, गाणं नुसतं वाहत राहतं. त्याची ओळ मात्रेच्या जरा मागून येते, आणि ती संपली की व्हायोलिनचा ताफा हळूच वर चढतो. जे दुःख तो स्वतः बोलत नाही, ते ही वाद्यं बोलतात. हे एकच वाद्यसंयोजन हॅरी रॉबिन्सनचं. बाकीची बरीचशी रॉबर्ट कर्बीची. तो केंब्रिजमधला ड्रेकचा मित्र, तेव्हा विद्यार्थीच. आधी नेमलेल्या अनुभवी संयोजकाचं काम ड्रेकला रुचलं नाही आणि त्यानं या मित्राचं नाव पुढे केलं. 'वे टू ब्लू'मध्ये तर गिटार नाहीच, फक्त आवाज आणि तंतुवाद्यं. गिटारसाठी ओळखला जाणारा माणूस पहिल्याच अल्बममध्ये गिटार खाली ठेवतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इंदूरचा असल्यामुळे असेल, पण मला राहून राहून इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांचं विलंबित झुमरा तालातलं गाणं आठवतं. कुठे पोचायची घाई नाही, ऐकणाऱ्याला ओढून घेणं नाही. उदासी मला तिथे सापडते, आवाज न चढवण्यात.

दुसऱ्या बाजूची नोंद अजून कच्ची आहे. 'फ्रूट ट्री' सलग दोनदा ऐकवत नाही. कीर्ती माणूस गेल्यावरच येते, असं १९६९ च्या या तबकडीवर त्यानं गाऊन ठेवलंय, आणि १९७४ मध्ये २६ व्या वर्षी तो गेला. 'सॅटरडे सन'ला तो पियानोवर आहे. ते आईला आवडलंय. काल तिनं पेटीवर सूर धरला आणि या वेळी तो पट्टीत बसला. येत्या रविवारी ती दुसऱ्या बाजूला माझ्यासोबत बसणार आहे.