अवारांच्या मागावर हंगेरीत: रानात शोधू नका, संग्रहालयात जा

आधी हे वाचा, म्हणजे तुमचे पैसे तरी वाचतील. अवार म्हणजे सहाव्या ते नवव्या शतकात आजच्या हंगेरीच्या मुलखावर राज्य करणारे भटके घोडेस्वार लोक. डॅन्यूब आणि तिसा या नद्यांच्या मधल्या सपाट मुलखात मोबाइलच्या नकाशावर ‘अवारांचं रिंग’ अशी खूण दिसली, तर तिकडे फिरकू नका. तिथे काही नाही. दगड नाही, तटबंदी नाही, साधी पाटीसुद्धा नाही.

मी आणि मेव्हणा जुलैतल्या भर दुपारी तिथे गेलो. कुनसेंतमिक्लोश गावाहून टॅक्सी केली, १२ हजार फोरिंट (हंगेरीचं चलन) ठरले. कच्चा रस्ता लागताच ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि पुढे तुम्ही चालत जा म्हणाला. तिथून दीड तास चाल. वाट मऊ वाळूची, पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत जातं. सावली म्हणावी तर काटेरी आकाशियाचे विरळ पट्टे, आणि त्यात शिरलं की डास फोडून काढतात. माणशी दोन लिटर पाणी नेलं होतं, ते पोहोचायच्या आतच संपलं. तुम्ही गेलातच तर चार लिटर न्या आणि सकाळी सहाला निघा. परत आलो तर ड्रायव्हरने ३० हजार मागितले. थांबल्याचे वेगळे, कच्च्या रस्त्याचे वेगळे. आसपास दुसरं वाहन नव्हतं, गुपचूप दिले. येण्याजाण्याचा आणि थांबण्याचा मिळून आकडा कागदावर लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. भाषा येत नसली तरी आकडा सगळ्यांना वाचता येतो.

तरीही मला जास्त राग त्या नकाशावरच्या खुणेचा आला, कारण ज्याने ती टाकली त्याने इतिहासच वाचलेला नाही. रिंग म्हणजे अवारांच्या खागानाचा, म्हणजे राजाचा, मुख्य तळ. ७९५ आणि ७९६ साली फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या फौजांनी तो लुटला. तिथे सोनं आलं कुठून? बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट अवारांना जी वार्षिक खंडणी देत, ती ८० हजार सोन्याच्या नाण्यांपासून पुढे १ लाख २० हजारांवर गेली होती. त्या काळच्या एका नोंदीप्रमाणे लुटीचं सोनंनाणं, रेशमी वस्त्रं न्यायला १५ गाड्या लागल्या, प्रत्येकीला चार बैल. एकात एक नऊ वर्तुळाकार तटबंद्या होत्या, हे वर्णन मात्र जवळजवळ नव्वद वर्षांनंतरचं आहे. लहानपणी एका म्हाताऱ्या सैनिकाकडून ऐकलेल्या गोष्टी एका भिक्षूने उतारवयात लिहून काढल्या. त्यावर विसंबून कुणीतरी नकाशावर गोल काढतो आणि माणसं उन्हात तडफडतात. रिंगची जागा आजवर कुणालाही सापडलेली नाही.

कुनबाबोन याच भागात आहे. १९७१ साली वाळू काढताना तिथे एका अवार सत्ताधीशाची कबर लागली. सातव्या शतकातला, वय साठीच्या पुढचं, सोबत दोन किलोहून जास्त सोनं: पट्टा, तलवार, पिण्याचं शिंग. जागेवर आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. ऐवज केचकेमेतच्या काटोना योझेफ संग्रहालयाकडे आहे. निघण्याआधी फोन करून तो मांडलेला आहे का ते विचारा.

बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयाला अख्खा दिवस द्या, सोमवार सोडून. अवार ५५८ साली बायझंटाइनांच्या राजधानीला, कॉन्स्टॅन्टिनोपलला, दूत पाठवतात, ५६८ पर्यंत बायान खागान हा सगळा मुलूख व्यापतो, आणि ८२२ नंतर त्यांचं नाव नोंदींतून नाहीसं होतं. मधल्या अडीच शतकांचं त्यांचं स्वतःचं लिखाण म्हणावं तर सार्वाशला सापडलेल्या हाडाच्या सुईदाणीवर कोरलेल्या काही ओळी, आणि त्याही सर्वांना पटेल अशा कुणी वाचलेल्या नाहीत. बाकी जे कळतं ते कबरींमधून. मी सर्वांत जास्त वेळ लोखंडी रिकिबींपुढे उभा होतो. युरोपात रिकीब आणली ती यांनी. इ. स. ६०० च्या सुमाराच्या बायझंटाइन युद्धग्रंथात स्वारांच्या खोगिराला दोन लोखंडी रिकिबी हव्यात असं लिहिलं आहे, आणि भाला, अंगरखा, तंबू अवारांसारखे घ्या असंही. शत्रूचं पाहून शिकायला बायझंटाइनांना कमीपणा वाटला नाही. २०२२ च्या जनुकीय अभ्यासाने अवारांच्या सरदारवर्गाचं मूळ थेट मंगोलियाच्या गवताळ प्रदेशाशी जोडलं आहे. एवढ्या दूरवरून घोड्यावर आलेली माणसं ती! दागेस्तानात आजही अवार राहतात, पण ते वेगळे लोक, घोळ करू नका.

बालाटन सरोवराकाठी केस्टहेय गावात दोन दिवस छान गेले. तिथले रोमन किल्ल्याचे अवशेष आपले आपण सहज बघता येतात.

या वाटेने जाणाऱ्याने व्हिएन्ना वगळली तर सहल फुकट गेली असं मी स्पष्ट सांगतो. बुडापेस्टहून रेल्वेने तीन तासांच्या आत पोहोचता. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये नाजसेंतमिक्लोशचा खजिना आहे: १७९९ साली आजच्या रोमानियात सापडलेली सोन्याची २३ भांडी, मिळून जवळजवळ दहा किलो. ती अवारांची की बल्गारांची (अवारांसारखेच गवताळ प्रदेशातले दुसरे लोक), हा वाद चालू आहे. मला ती अवारांचीच वाटतात. चित्रांच्या दालनांकडे आधी वळू नका, तिथेच पाय दुखायला लागतील. दार उघडताच सरळ प्राचीन वस्तूंच्या विभागात जा आणि दोन नंबरचा कूजा शोधा. त्यावर चिलखत घातलेला स्वार कैद्याला केसांना धरून नेतो आहे. भाल्याला झेंडी, खोगिराला शत्रूचं मुंडकं लटकलेलं. कूजा फिरवलेला नसतो, तुम्हीच कपाटाभोवती फिरा. दुसऱ्या बाजूला एक मोठा पक्षी माणसाला पंजात धरून वर उचलतो आहे.

वाळूतल्या त्या दुपारचा शीण तिथे उतरला. दुपारची गाडी सुटणार म्हणून मेव्हणा दोनदा बोलवायला आला. मी हललो नाही, आम्ही संध्याकाळची गाडी धरली.