व्यासंग झाला का, असं कुणी विचारत नाही

परवा आमच्या सोसायटीत दहावीच्या मुलांचा सत्कार होता, सूत्रसंचालन करणारे काका एका मुलीबद्दल म्हणाले, हिचा गणिताचा व्यासंग दांडगा आहे. मुलगी गुणी आहे, मार्क पण छान पडलेत, पण तो शब्द काही मला पटला नाही आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे.

अभ्यास झाला का, अभ्यास संपव, अभ्यासाला बस, हे आपण रोज बोलतो. पण व्यासंग झाला का असं कधी ऐकलंय? व्यासंग संपत नाही, पूर्ण होत नाही, तो असतो नाहीतर वाढतो. आणि त्याला पोर्शन नसतो!

कित्येकांना वाटतं हा शब्द व्यासमुनींवरून आला. तसं नाहीये, वि + आ + संग अशी फोड आहे, म्हणजे यात तोच आसक्तीतला चिकटणं, गुंतणं हा अर्थ आहे. संस्कृतात तर मन भलतीकडेच अडकलंय यालाही व्यासंग म्हणतात, मराठीत मात्र तो चांगल्या अर्थानेच रुळला आणि मला हे फार आवडतं.

पां. वा. काणे घ्या. हायकोर्टातली वकिली सांभाळून धर्मशास्त्राच्या इतिहासावर लिहीत राहिले, पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा, तेव्हा वय ८२. याला म्हणायचं व्यासंग.

पण मला आधी आठवतात ते आमचे आजोबा. पोस्टात कारकून होते, रिटायर झाल्यावर मोडी शिकले, मग रोज दुपारी खिडकीपाशी भिंग घेऊन जुन्या कागदांच्या झेरॉक्स वाचत बसायचे, मोडीत ओळ सलग असते त्यामुळे शब्द कुठे तोडायचा तेच कळत नाही. एकदा एका शब्दावर चार दिवस अडले होते, पाचव्या दिवशी जेवताना उष्ट्या हाताने तसेच उठले आणि डाव्या हाताने वहीत वेडंवाकडं लिहून ठेवलं, आजी ओरडतेय की अहो आमटी निवतेय.

ना परीक्षा होती ना कुणी विचारणार होतं. खाकी कव्हर घातलेल्या त्यांच्या अकरा वह्या आहेत माझ्याकडे, आणि त्या डावऱ्या अक्षरातला शब्द आहे 'सरंजाम'.