मंगळावरचं घड्याळ, मामाच्या मनगटावर

आज भाचा लंडनहून आला आणि आल्याआल्या त्याने मनगट पुढे केलं. "मामा, बघ." लालभडक मूनस्वॉच, 'मिशन टू मार्स'.

ओमेगा या स्विस कंपनीचं स्पीडमास्टर हे घड्याळ १९५७चं. १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन ते घालूनच चंद्रावर उतरला. (आर्मस्ट्राँगने आपलं यानातच ठेवलं होतं, कारण यानातलं घड्याळ बिघडलं होतं.) त्याच घड्याळाला २०२२ मध्ये ओमेगासोबत मिळून स्वॉच कंपनीने नवे रंग दिले, तेच हे मूनस्वॉच. एकूण ११ घड्याळं, सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या नावांची, प्लूटोसुद्धा सोडला नाही.

तासभर हातात घेऊन बसलो होतो. उजव्या अंगाला किंचित फुगलेली मूळ घड्याळाचीच केस (म्हणजे बाहेरचं कवच), कडेवरच्या ९०च्या आकड्याच्या डोक्यावर तोच ठिपका. छोट्या डायलमधले काटे अंतराळयानाच्या आकाराचे! हे ओमेगाच्या जुन्या 'अलास्का' प्रकल्पातून, म्हणजे अंतराळासाठी घड्याळ बनवण्याच्या प्रयोगातून, घेतलंय. पाठीमागे बॅटरीच्या झाकणावर मंगळ. आणि वजन जवळजवळ नाहीच, कारण केस सिरॅमिक आणि एरंडेलापासून केलेल्या प्लास्टिकच्या मिश्रणाची. एरंडेल! आजीच्या बाटलीतलं.

आत चावीचं यंत्र नाही, बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ आहे. मला ते खटकलं, रोज सकाळी चावी देण्यात जीव अडकलेला माणूस मी. पण मूळ आकाराला धक्का न लावता फक्त रंग आणि साहित्य बदलायचं, हे धाडस मला मनापासून आवडलं.

निघताना भाचा म्हणाला, "आठवडाभर राहू दे तुझ्याकडे."

आत्ता हातावर आहे. बाबांचं जुनं एचएमटी शेजारी टेबलावर टिकटिकतंय.